भोग, नामस्मरण आणि मॉर्फिन

कर्करोग हाडांपर्यंत पोचलेला असतो, वेदना असह्य असतात, तरी रुग्ण मॉर्फिनची गोळी बाजूला सारतो. ‘हे माझे भोग आहेत, इथंच भोगून संपवू द्या,’ असं म्हणतो. पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांना हे वाक्य नवं नाही. अशा वेळी डोस वाढवून उपयोग नसतो. आधी त्या भोगांबद्दल बोलावं लागतं.

हे बोलणं उपचाराचाच भाग आहे, हे सिसिली साँडर्स यांनी ठामपणे मांडलं. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि १९५७ साली डॉक्टर झालेल्या साँडर्स यांनी ‘टोटल पेन’ ही कल्पना दिली. शरीर, मन, घरसंसार आणि आत्मा यांची दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात, एकटं शरीर कधीच दुखत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९४८ मध्ये लंडनला वारलेल्या डेव्हिड टास्मा या पोलिश ज्यू निर्वासितानं त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले होते. मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारी वास्तू, म्हणजे हॉस्पिस, हे साँडर्स यांचं स्वप्न होतं. त्यासाठीची ती पहिली देणगी. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. साँडर्स निष्ठावान ख्रिस्ती होत्या, पण दार सर्व धर्मीयांना आणि धर्म न मानणाऱ्यांनाही उघडं होतं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. तिथंही ख्रिस्ती धर्मभगिनी कुठल्याही धर्माच्या रुग्णाची सेवा करतात.

श्रद्धा दरवेळी दुखणं हलकंच करते, असं मात्र नाही.

नामस्मरणानं एकाला शांत झोप लागते, तर ‘देवानं मला शिक्षा केली’ या विचारानं दुसऱ्याची झोप उडते. श्रद्धेचा परिणाम शेवटच्या दिवसांतल्या निर्णयांवरही होतो. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ३४५ कर्करुग्णांच्या अभ्यासात, आजाराला तोंड देताना धर्माचा मोठा आधार घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रुग्णांना अखेरच्या आठवड्यात व्हेंटिलेटर लागला. इतरांत हे प्रमाण ३.६ टक्के होतं. त्याच संशोधकांच्या गटाला पुढे आणखी एक गोष्ट आढळली. उपचार करणाऱ्या चमूनंच रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांकडे लक्ष दिलं, तर अधिक रुग्ण अतिदक्षता विभागाऐवजी हॉस्पिसची सेवा घेतात.

लक्ष देणं म्हणजे प्रवचन करणं नव्हे. डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये त्यासाठी साधी प्रश्नावली बेतली: तुमची श्रद्धा कशावर आहे, तिला तुमच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, सोबतीला कोणता समुदाय आहे आणि आम्ही यात काय करावं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा अगदी व्यवहारातलं असतं. चौविहार पाळणाऱ्या जैन आजींना सूर्यास्तानंतर पाणीही चालत नाही. मग गोळ्यांच्या वेळा अलीकडे आणाव्या लागतात. रोजा ठेवण्याचा आग्रह असेल, तर बारा तास टिकणारी मॉर्फिनची गोळी सहरी-इफ्तारशी जुळवून पाहता येते. ध्यान करणाऱ्या बौद्ध साधकाला अखेरपर्यंत जागं राहायचं असेल, तर गुंगी किती चालेल हे त्यालाच विचारावं लागतं. गिळता येत नसलेल्या वडिलांना मुलगा गंगाजल पाजू पाहतो. ठसका लागू नये म्हणून कापसानं ओठ ओले करायला नर्स त्याला शिकवते.

यातल्या कशालाही महागडं यंत्र लागत नाही. केसपेपरवर वेदनेच्या आकड्याशेजारी हे चार प्रश्न छापलेले असावेत आणि घरभेटीला जाणाऱ्या नर्सला ते विचारण्याइतकी उसंत मिळावी, एवढीच आमची मागणी आहे.