वाचू की म्हणून दाखवू?

गेल्या आषाढात मी काशीला आलो तो तौलनिक साहित्याचे वर्ग घेण्यासाठी. विद्यापीठाने वर्षभरासाठी अभ्यागत प्राध्यापक म्हणून बोलावले होते. वयाच्या ४६व्या वर्षी गाणे शिकावे, आणि त्याहूनही धाडसाचे म्हणजे गाणी रचू लागावे, असा कोणताही संकल्प मनात नव्हता. परंतु या शहरात माणूस एक हेतू धरून येतो आणि दुसऱ्याच कामाला लागतो, हा अनुभव काही माझ्या एकट्याचा नसावा.

निमित्त घडले ते आईच्या चालींचे. आई नाट्यपदे म्हणत असे. स्वयंपाक करताना, निवडणे टिपणे करताना, अर्धवट शब्द आणि पुरी चाल असे तिचे गाणे चाले. ती गेल्यावर चाली माझ्याजवळ राहिल्या, शब्द मात्र बरेचसे हरवले. ब्रह्माघाटाजवळच्या माझ्या खोलीत श्रावणातल्या एका संध्याकाळी, खाली गंगा चढत असताना, त्यांतल्या एका चालीवर मी आपले शब्द बसवून पाहिले. मग दुसरीवर. महिन्याभरात सात-आठ पदे झाली आणि आपल्याला गाणी सुचतात या कल्पनेने मी मनातल्या मनात पुष्कळच सुखावलो.

चालीवर शब्द बसवणे हा उद्योग मराठीला नवा नाही. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लोकगीतांतल्या, कर्नाटकी अशा प्रचलित चालींवरच पदे रचली होती. पुढे १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी जे संगीत दिले, त्यात पूरबी ठुमरी-दादऱ्याचे वळण मराठी कानांत प्रथमच एवढ्या मोकळेपणाने शिरले. म्हणजे आई जे काही गुणगुणत असे त्यातला एखादा पदर याच गल्ल्यांतून निघून, बोलपटासारखा गावोगाव फिरत, आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला असला पाहिजे. ही गोष्ट मला पुस्तकांतून ठाऊक होती. तिचा प्रत्यय यायचा होता.

भाद्रपदात या भागातल्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव असतो. घाटांवरची ही वस्ती जुनी. घरांत मराठी, गल्लीत भोजपुरी-हिंदी, आणि बोलण्यात दोहोंचे बेमालूम मिश्रण. एका संध्याकाळी आग्रह झाला म्हणून मी आपले एक पद म्हटले. यमनातली चाल, तीनताल, शब्द माझे. संपल्यावर मंडळी "छान, छान" म्हणाली. एका सद्‌गृहस्थांनी शब्दयोजना फार प्रगल्भ असल्याचे सांगितले; विद्यापीठातल्या एका सहकाऱ्यांना त्यात आधुनिक संवेदना जाणवली. मी तृप्त मनाने खोलीवर आलो आणि कोणी तरी मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण लावले. आपला आवाज आपल्याला बोलताना-गाताना जसा ऐकू येतो तो निम्मा कवटीच्या हाडांतून आलेला असतो. यंत्र तेवढा भाग वगळते. यंत्रातून जो गृहस्थ गात होता त्याचा गंधार उतरलेला होता, तो प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासासाठी धडपडत होता, आणि त्याच्या प्रगल्भ शब्दांपैकी निम्मे मलाच कळत नव्हते. मग त्या "छान, छान"चा अर्थ काय? ती मंडळी खोटे बोलली नव्हती. पाहुण्याला पाणी द्यावे तशी त्यांनी दाद दिली होती. पण पाण्याने तहान भागते, गाणे सुधारत नाही.

सभेत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नव्हत्या. उठताना मात्र एवढेच म्हणाल्या, "उद्या सकाळी घरी या. वही आणू नका."

त्यांना सगळे माई म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या घरातल्या. ठुमरी, चैती, कजरी त्यांनी इथल्याच गुरूंकडून घेतली, जाहीर मैफली फारशा केल्या नाहीत, शिकवणे मात्र अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांच्यासमोर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. गल्लीतलाच, मराठीचे एक अक्षर न कळणारा.

"म्हणा ते कालचं," माई म्हणाल्या. मी म्हटले. "चाल आमच्याकडचीच आहे, जरा प्रवास करून आलीये," एवढे बोलून त्या हसल्या. पुन्हा म्हणायला लावले, तिसऱ्यांदा लावले. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "अब तू गा."

मी चकित झालो. माझ्या पदावर अभिप्राय द्यायचा तो या पोराने? परंतु त्याला अभिप्राय मागितलाच नव्हता. त्याला गायला सांगितले होते. तो गाऊ लागला आणि पहिल्याच समेवर थबकला. तिथे मी 'निःशब्द' हा शब्द योजला होता, आणि तो मला विशेष प्रिय होता. मुलाने क्षणभर जीभ चाचपली आणि मग सहजपणे 'निसबद' असे म्हणून तो पुढे गेला. अंतऱ्यात तार षड्जावर 'नदी' हा शब्द होता. तिथे त्याचा एरवी मोकळा असलेला आवाज बारीक होऊन चिरकला. तिसरी ओळ तर त्याला आठवलीच नाही.

"जिथं पोर अडखळलं तिथं तुमचं काम राहिलंय," माई म्हणाल्या. "त्याला मराठी येत नाही, म्हणून त्याच्यापुढं शब्दांची ऐट चालत नाही. समेवर जोडाक्षर म्हणजे दारात ठेवलेला दगड. येणारा ठेचकाळणारच."

त्या दिवशी मला एक जुनी गोष्ट नव्याने समजली. बंदिशींच्या भाषेत 'धर्म'चा 'धरम' होतो, 'दर्शन'चे 'दरस' होते, 'श'चा 'स' आणि 'ण'चा 'न' होतो. याला मी आजवर ब्रजभाषेचे माधुर्य म्हणत आलो होतो आणि वर्गात तसे शिकवलेही होते. वस्तुतः ते अनेक पिढ्यांच्या गळ्यांनी केलेले संपादन आहे. जो शब्द आवाजाला थांबवतो तो गळा सोलून, फोडून, गुळगुळीत करून घेतो. मराठीत 'निसबद' चालणार नाही. पण मराठीला स्वतःचा मऊ शब्द आहेच. आठ दिवसांनी मी 'निवांत' घेऊन गेलो. 'नि' समेच्या आधी उचलून 'वां' समेवर ठेवला की तोंड उघडते आणि आवाजाला पसरायला जागा मिळते. 'नदी'च्या जागी माईंनी 'गंगा' सुचवले. मी म्हटले, "माई, काशीत बसून गंगा म्हणजे फारच झिजलेला शब्द." त्या म्हणाल्या, "घाटाची पायरी झिजलेलीच असते. वर चढताना तोंड उघडं हवं की नको, एवढं सांगा." मी गाऊन पाहिले. तोंड उघडे हवे होते.

खोलीवर येऊन मी 'संगीतरत्नाकर' उघडले. ज्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड काशीच्याच प्रेमलता शर्मा आणि रा. कृ. शृंगी यांनी १९७८ साली सिद्ध केला, तो मूळ ग्रंथ आपल्या देवगिरीचा. काश्मिरातून दक्षिणेत आलेल्या घराण्यातल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तो लिहिला. शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्यास तो वाग्गेयकार म्हणतो. शब्दांना 'मातु' आणि स्वररचनेला 'धातु' अशा संज्ञा देतो आणि वाग्गेयकाराच्या प्रती लावतो. दोन्हींत निपुण तो उत्तम. धातूत सरस पण मातूत मंद तो मध्यम. आणि शब्द कितीही रम्य असोत, ज्याचा धातु मंद तो अधम. दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणाऱ्याला तर तो वाग्गेयकारही म्हणत नाही; त्याच्यासाठी 'कुट्टिकार' अशी वेगळी संज्ञा आहे. हे सारे मी पूर्वी वाचले होते, त्यावर टिपणेही काढली होती. पण त्या रात्री प्रथमच त्या वर्गीकरणात मी स्वतःची जागा शोधली. ती शोधायला वेळ लागला नाही.

सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी आणखी एक मराठी रचनाकार या शहराच्या परीक्षेला बसला होता. भागवताच्या एकादश स्कंधावर नाथांनी पैठणात टीका आरंभिली. ती प्राकृतात आहे म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि नाथांना इथे यावे लागले, असे परंपरा सांगते. ग्रंथ पूर्ण झाला तो वाराणसीत, शके १४९५ च्या, म्हणजे १५७३ सालच्या कार्तिकी पौर्णिमेला. पुढे त्याच पंडितांनी ग्रंथाचा गौरव केला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र हल्ली तिच्यातला मधला भाग अधिक मोलाचा वाटतो. आक्षेप आल्यावर नाथांनी आपला ग्रंथ पैठणात मिटून ठेवला नाही. आक्षेप घेणाऱ्यांच्या गावी येऊन, त्यांच्या कानांवर पडेल असा तो पुरा केला.

या शहरात बिरह्याचे आखाडे आहेत, शेजारच्या मिर्झापुरात कजरीचे. आखाड्यातला कवी रचतो, गायक गातो, आणि दंगलीत समोरचा आखाडा तिथल्या तिथे उत्तर देतो. आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडातही शक्तीची बाजू घेणारे कलगीवाले आणि शिवाची बाजू घेणारे तुरेवाले असेच रात्रभर एकमेकांची परीक्षा पाहत. तिथे अभिप्राय कोणी वहीत लिहून देत नाही. पुढचे गाणे हाच मागच्या गाण्यावरचा अभिप्राय असतो. माईंनी त्या मुलाकरवी माझ्यापुढे ठेवला तो याच जातीचा होता.

आणि इथेच मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगण्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

वीस वर्षांपूर्वी, मी नुकताच शिकवू लागलो होतो त्या काळात, एका महाविद्यालयात एक विद्यार्थिनी माझ्याकडे गाण्यांची वही घेऊन आली. तिने रचलेली तीसेक गाणी होती, ओवीच्या वळणाची. बराच वेळ दाराशी उभी राहून तिने विचारले, "सर, वाचू की म्हणून दाखवू?" मला तासाला जायचे होते. मी म्हणालो, "ठेवून जा, वाचतो." वाचली. शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिले : "भावना प्रामाणिक, अभिव्यक्ती सामान्य." वही घेताना ती "बरं सर" म्हणाली. पुढे परीक्षेपर्यंत वर्गात दिसत होती. गाणी पुन्हा दाखवली नाहीत.

मी खोटे लिहिले नव्हते. कागदावर ती गाणी सामान्यच होती. पण ती कागदासाठी नव्हतीच. ज्या ठिकाणी शब्द साधे आणि पुनरुक्त वाटत होते तिथे कदाचित चाल वळण घेत असेल. ज्या ओळीला मी 'भरीची' म्हणून खूण केली ती कदाचित श्वासासाठी सोडलेली जागा असेल. मातु पाहून मी निकाल दिला आणि धातु ऐकलाच नाही. दोन मिनिटे लागली असती. त्यानंतर शेकडो प्रबंधांवर आणि कवितासंग्रहांवर मी अभिप्राय लिहिले. पण तो एक शेरा माझ्या हातून घडलेले सर्वांत निष्काळजी वाचन होते, हे कळायला मला स्वतः समेवर ठेचकाळावे लागले.

नवख्याला काय हवे असते? तो विचारतो, "कसे झाले?" आणि आपण समजतो की त्याला निकाल हवा आहे. निकाल सोपा असतो. चांगला असो वा वाईट, तो देऊन आपण मोकळे होतो. नवख्याला हवा असतो दुसरा गळा. आपले गाणे आपल्याबाहेर उभे राहते का, कुठे लंगडते, कोणत्या ओळीला दुसऱ्याची स्मृती हात देत नाही, हे त्याला ऐकायचे असते. माईंनी आजवर माझ्या एकाही पदाला चांगले किंवा वाईट म्हटलेले नाही. "पुन्हा म्हणा," आणि मग, "अब तू गा," याखेरीज त्यांची समीक्षा नाही.

मार्गशीर्षात मी धीर करून पहिली चाल स्वतः बांधली, भूपात. मुलाने ती दुसऱ्याच खेपेला उचलली, मात्र अंतऱ्यातली एक जागा त्याने परस्पर बदलली. मी टोकणार होतो. माईंनी हाताने थांबवले. दोन्ही पाठ लागोपाठ ऐकल्यावर त्याचाच बरा आहे हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती जागा मी त्याच्याप्रमाणेच गातो. शेवटी मुद्रा काय घालावी, असे मी विचारले. सदारंग-अदारंगांपासून बंदिशीत रचनाकाराचे टोपणनाव गुंफण्याची प्रथा आहे. याच विद्यापीठात ओंकारनाथ ठाकूर 'प्रणवरंग' झाले आणि त्यांचे शिष्य बलवंतराय भट्ट 'भावरंग'. माई म्हणाल्या, "चार जण गाऊ लागू द्यात. तोवर त्या जागी तान घ्या."

आता चैत्र आहे. माईंकडे चैतीचे दिवस चालू आहेत आणि माझे वर्ष संपत आले आहे. जुन्या सहकाऱ्यांकडे चौकशी करून त्या विद्यार्थिनीचा पत्ता मी मिळवला आहे. ती आता स्वतः शिक्षिका आहे, एवढे समजले. पत्राचे दोन-तीन खर्डे झाले. पहिल्यात क्षमायाचना फार होती आणि दुसऱ्यात शार्ङ्गदेव. दोन्ही फाडले. काल लिहिलेले पत्र चार ओळींचे आहे : त्या वहीतले एखादे गाणे अजून आठवत असेल, तर मी सुटीत तिकडे येतो आहे, वही आणू नका, म्हणून दाखवा.

उत्तर येईल की नाही, सांगता येत नाही. पत्र आज टाकीन. सकाळी माईंकडे जायचे आहे. भूपाची तिसरी ओळ त्या मुलाला अजून आठवत नाही.