भिजलेल्या कुर्त्याची गोष्ट

मॅटर्निटी लीव्हवर जाताना ऑफिसमध्ये सगळ्यांनी सगळं सांगितलं. डायपर कुठले घ्यायचे, झोपेचं कसं खोबरं होतं, पोट कधी आत जातं. एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नाही. दूध कधीही, कुठेही गळतं!

बाळंतपणाला मी माहेरी, करंज्याला होते. समोर खाडी, मागे द्रोणागिरीचा डोंगर आणि घरात आईचा अळिवाच्या लाडवांचा धडाका. पिल्लू पाच आठवड्यांचं झालं आणि पलीकडे रेवसला चुलतभावाची हळद आली. पिल्लूला पोटभर पाजलं, आईकडे सोपवलं, नवा पिस्ता कलरचा कुर्ता चढवला आणि लाँच पकडली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा एकटी! केसांत वारा वगैरे... एकदम फिल्मी.

अर्ध्या खाडीत कुणाचं तरी बाळ रडलं. माझं नव्हे हं, परक्याचं. पण माझ्या छातीत मुंग्या आल्या आणि बघता बघता कुर्त्यावर दोन गोल नकाशे उमटले. ओढणी घरी. समोर कॉलेजची पोरं. मी पर्स छातीशी घट्ट धरली आणि चक्क रडायला लागले.

शेजारी रिकामी पाटी घेऊन बसलेल्या कोळीण मावशींनी खांद्यावरची फडकी काढून माझ्या अंगावर टाकली. ‘‘अगो, लाजतेस कनाला? दूधच हाय ना ते!’’ रेवस आल्यावर परत द्यायला गेले, तर ‘ठेव’ म्हणाल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

मग डॉक्टरांकडून कळलं, की हा ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनचा खेळ. बाळ ओढायला लागलं की तो वाढतो आणि दूध वाहतं. नुसतं रडणं ऐकून किंवा बाळाची आठवण येऊनही! बहुतेकींचं गळणं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. तोवर हाताची घडी घालून छाती हलकेच दाबायची, कुणालाही कळत नाही. पर्समध्ये ब्रेस्ट पॅड किंवा मऊ सुती कापडाच्या घड्या ठेवायच्या आणि ओल्या झाल्या की लगेच बदलायच्या. कपडे गडद, प्रिंटेड. गळतंय म्हणून सारखं पंप करायचं नाही, जितकं काढाल तितकं जास्त येतं. गाठ, लाली, ताप आला तर मात्र थेट डॉक्टर.

आणखी एक कळलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली पहिली! वेळेआधी जन्मलेल्या, आईचं दूध न मिळणाऱ्या बाळांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध मिळतं. ज्याचे डाग मी चोरून धूत होते, त्याच्या थेंबाथेंबावर कुणाचं तरी बाळ जगत होतं. लाज कसली वाटत होती मला?

2017 साली कायदा बदलला आणि पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. त्यामुळे ऑफिसला परतले तेव्हा माझं गळणं थांबलं होतं. फडकी मात्र ड्रॉवरमध्ये ठेवली होती. परवा रजेवरून आलेली एक ज्युनिअर मीटिंगमधून लॅपटॉप छातीशी धरून धावत बाहेर पडली. मी फडकी घेऊन तिच्या मागे गेले.

‘‘अगो,’’ म्हटलं, ‘‘लाजतेस कनाला?’’