सहा एकांची माळ

तुरीच्या पट्ट्यांची बेरीज जुळली की माझं गणित तिथंच संपतं. अडत दुकानात त्याहून जास्त लागतही नाही. पण आमच्या कोहिनूर गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी कागदावर २७९९४६८१ लिहून दिलं आणि म्हणाले, "ह्याला ४४१ नं गुण. मोबाईल खिशात ठेव."

उत्तर आलं १२३४५६५४३२१. बाराशे चौतीस कोटी छपन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस! एकापासून सहापर्यंत चढण, मग तशीच उतरण. त्या ओबडधोबड आकड्यात ही शिस्त कुठं दडली होती, काही उमजेना.

"गणित आपल्याच भागातलं हाय," गुरुजी म्हणाले. सेडम तालुक्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. हा गुणाकार त्यातलाच. उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा उत्तरांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली.

"पण हे होतं कसं?" मी विचारलं.

"१११११ला अजून एक एक जोड आणि त्याला त्यानंच गुण."

म्हणजे सहा एक: ११११११. मी गुणाकार मांडला. एकांच्या सहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच एक, त्याच्या डावीकडं दोन, मग तीन. मधल्या घरात सहाच्या सहा. पुढं पुन्हा कमी कमी. म्हणजे ही माळ कुणी ओवलेलीच नव्हती. कुठल्या घरात किती एक पडले, त्याची ती नुसती मोजदाद!

मग ४४१ कुठून आलं? ११११११ म्हणजे ३ × ७ × ११ × १३ × ३७. त्यातले ३ आणि ७ घेतले की २१, आणि २१चा वर्ग ४४१. उरलेल्यांचा गुणाकार ५२९१, त्याचा वर्ग तो ओबडधोबड आकडा. एकाच वर्गाचे दोन तुकडे वेगळे करून आचार्यांनी वाचणाऱ्याला चकवलं होतं.

पुढं नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) अशाच संख्यांमध्ये रमले. त्यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं.

मला आता चेव आला. नऊ एकांपर्यंत माळ सुरेख वाढली. दहा एकांचा वर्ग मात्र निघाला १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला आठ गायब, मधे दोन शून्यं!

"संख्या बिघडली का गुरुजी?"

"संख्या कशाला बिघडंल? मधल्या घरात दहा आले, हातचा सरकला."

खरंच की. दहासाठी आपल्याकडं एकच अंक असता, तर माळ तिथंही तुटली नसती. माळ संख्येइतकीच आपल्या लिहिण्याच्या रीतीची आहे, हे मला तेव्हा पटलं. आता गुरुजींनी त्याच ग्रंथातलं १५२२०७ गुणिले ७३ दिलं आहे. उत्तर सांगत नाही. कागद घ्या आणि मांडा.