न नेलेले चार

लग्नाची यादी, दुकानाची खरेदी आणि आता पोकेमॉनचा संघ. तिन्ही ठिकाणी माझा अनुभव एकच. कुणाला घ्यायचं हे पटकन ठरतं, कुणाला मागं ठेवायचं यात रात्र जाते.

पोकेमॉन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पिवळा पिकाचू आला असेल. माझा भाचा ज्या लीगमध्ये खेळतो तिथं पिकाचूला फारसं कुणी विचारत नाही. हा खेळ मूळ जपानचा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉयवर त्याच्या 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्या आल्या. त्याचा जनक सातोशी ताजिरी याला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. प्राणी गोळा करायचे आणि दोस्ताशी अदलाबदल करायची, ही त्या खेळाचीही मूळ गंमत. तेव्हा १५१ प्राणी होते, आता हजारावर गेलेत. पाणी, आग, गवत, बर्फ, भूत, पोलाद असे त्यांचे एकूण १८ प्रकार, आणि कोण कुणाला भारी याचा ठरलेला तक्ता. आमच्या आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि नातवाला एकच विचारलं, "मरतात काय रे ती?"

"नाही गं आज्जी. चक्कर येऊन पडतात. दवाखान्यात नेलं की बरी होतात."

"मग खेळ," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

ड्राफ्ट लीग म्हणजे आयपीएलच्या लिलावाची चुलत बहीण म्हणा. फक्त बोली नसते, पाळी असते. भाच्याच्या लीगमध्ये बारा खेळाडू. प्रत्येकाला शंभर गुण. प्रत्येक पोकेमॉनची किंमत तक्त्यात लिहिलेली, जोरदार असेल तो महाग. पहिल्या फेरीत एक ते बारा अशी पाळी, दुसरीत बारा ते एक, म्हणजे शेवटी बसलेल्याला लागोपाठ दोन उचलता येतात. एकानं घेतलेला प्राणी मग दुसऱ्याला मिळत नाही. असे प्रत्येकी दहा. पुढं दर आठवड्याला एकाशी गाठ. त्याचे दहा तुम्हाला माहीत, तुमचे दहा त्याला. पण सामन्याला न्यायचे सहाच. कुठले सहा, हे सामना उघडेपर्यंत दोघांनाही कळत नाही. सामने 'पोकेमॉन शोडाऊन' नावाच्या फुकट संकेतस्थळावर होतात, आणि झालेला सामना कुणालाही पुन्हा बघता येतो. त्याला ही मुलं रिप्ले म्हणतात.

हा ड्राफ्ट झाला तेव्हा आमच्या घरात दिवस बरे नव्हते. माझा थोरला भाऊ, अण्णा, याला दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. बेळगावच्या रविवार पेठेत त्याचं गूळ, शेंगदाणे आणि मिरचीचं ठोक दुकान आहे. तीस-बत्तीस वर्षं त्यानं एकट्यानं चालवलेलं. ते एका रात्रीत बावीस वर्षांच्या पोरावर आलं. बाजार कुणाची वाट बघत नाही. जे दलाल अण्णासमोर भाव सांगताना दोनदा विचार करायचे, ते पोराला पोत्यामागं पाच-पन्नास वाढवून सांगायला लागले. उधारीवाले 'पप्पा बरे झाले की बघू' म्हणून हात हलवायला लागले. दुकानाच्या वह्या मीच बघते, म्हणून मला हे आकड्यांत दिसत होतं. आणि अण्णा घरी, बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी. त्याला कुणी काही सांगत नव्हतं. त्रास नको म्हणून. त्याला मात्र सगळं कळत होतं, हे त्याच्या डोळ्यांवरून मला दिसायचं.

रात्री भाचा बापाच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचा. ड्राफ्टच्या नवव्या पाळीला गुण थोडे उरले होते, स्वस्तातलंच काही घ्यायचं होतं. पडद्यावर चित्रांची रांग. अण्णानं डावा हात उचलला आणि एकावर बोट ठेवलं. निळा, गुबगुबीत, मिचमिच्या डोळ्यांचा, कारण नसताना हसणारा. "ह्याला घे," अण्णा म्हणाला. "तोंड गरीब हाय."

तो क्वॅगसायर. त्याचा वेगाचा मूळ आकडा ३५. गारचॉम्पचा १०२ आहे, यावरून कल्पना करा. पण ह्या गरीब तोंडाच्या अंगी एक गुण आहे. समोरच्यानं नाच करून, दंड थोपटून स्वतःची ताकद कितीही वाढवलेली असो, क्वॅगसायर ती मोजतच नाही. समोरचा फुगला काय, न फुगला काय, ह्याला सारखंच. लीगच्या अकरा आठवड्यांत आणि उपांत्य सामन्यात मिळून भाच्यानं त्याला नऊ वेळा नेला. अंगात वारं भरलेले किती तरी जण त्याच्यावर डोकं आपटून परत गेले. अण्णा खिडकीपाशी बसून विचारायचा, "आमचा हाय काय आज?"

अंतिम सामना कॅनडातल्या एकाशी ठरला. त्याचं खरं नाव आम्हाला माहीत नाही, टोपणनाव तेवढं माहीत. रविवारी रात्री साडेनऊ, म्हणजे तिकडे उजेड. तयारीला सहा रात्री मिळाल्या.

"आत्या, तू वही घे," भाचा म्हणाला. "मी रिप्ले बघतो, तू लिही."

मला त्या खेळातलं सगळं येत नाही. पण रकाने पाडता येतात. कुठले सहा आणले, पहिला कोण आला, शेवटी कोण राहिला, मोठा गडी कितव्या वेळी बाहेर काढला. बारा सामन्यांची बारा पानं झाली. तिसऱ्या रात्री बेरीज केली तर माणूस दिसायला लागला. ड्रॅगोनाइट बाराही सामन्यांत. मिओस्कराडा दहा, गेंगार नऊ. आणि स्वतःचे तीन पडल्याशिवाय हा माणूस ड्रॅगोनाइटला सहसा बाहेर काढत नाही. मला आमच्या पेठेतल्या काही व्यापाऱ्यांची आठवण झाली. गळ्याशी आल्याशिवाय कोठीतला चांगला माल काढायचा नाही, अशी रीत असते काहींची.

ड्रॅगोनाइटची भीती अशी की तो एकदा 'ड्रॅगन डान्स' करतो आणि त्याची ताकद आणि वेग दोन्ही दीडपट होतात. मग तो एकेकाला लोळवत जातो. त्याला गाठायचं तर त्याच्याआधी हलायला हवं. इथं खरा हिशेब सुरू झाला. प्रत्येक पोकेमॉनला सहा बाबींत वाटायला ५१० गुण मिळतात, एका बाबीत फार तर २५२, आणि चार गुण दिले की ती बाब एकानं वाढते. ड्रॅगोनाइटनं वेगावर सगळा जोर लावला तर २८४, नाचल्यावर ४२६. आपल्या गारचॉम्पला वेग दीडपट करणारा स्कार्फ बांधला, तर त्याचा मूळ वेग किती हवा? २८४ केला तर ४२६, बरोबरी, म्हणजे छापा-काटा. २८५ केला तर ४२७. त्यासाठी वेगाला १८० गुण पुरतात. हल्ल्याला २५२ दिले. उरलेल्यांतले ७६ जीवशक्तीला, म्हणजे १९ नं जास्त.

"एकानं पुढं," भाचा म्हणाला. "एकच पुरे."

हे सगळं जुळलं, आणि क्वॅगसायर आडवा आला. खरं तर ड्रॅगोनाइटला अडवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो पाणी आणि जमीन अशा दोन प्रकारांचा, आणि गवताचा मार ह्या दोन्हींना दुप्पट लागतो, म्हणजे त्याला चौपट. मिओस्कराडाची 'फ्लॉवर ट्रिक' गवताची. ती कधी चुकत नाही आणि दर वेळी वर्मीच बसते. भाच्यानं गणकयंत्रात सगळ्या तऱ्हा घालून पाहिल्या. क्वॅगसायरचं संरक्षण टोकापर्यंत वाढवलं तरी एका घावात आडवा. त्याची जागा वीव्हाइलला दिली तर बर्फाचा मार ड्रॅगोनाइटला चौपट लागतो, वर गारचॉम्पचा ४२७ आहेच. हिशेब स्वच्छ होता. क्वॅगसायर मागं राहणार.

पण हे अण्णाला सांगायचं कुणी? शनिवारी रात्री पोरगा तीनदा बाहेरच्या खोलीत गेला आणि पाणी पिऊन परत आला. घरात बसवलेल्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुम्ही निवडलेलाही ह्या वेळी घरीच बसणार. चौथ्या वेळी तो खाटेवर बसला आणि सगळं सांगितलं. गवत, चौपट, सगळं.

अण्णानं ऐकून घेतलं. बराच वेळ गेला. एकेक शब्द जोडत म्हणाला, "नको नेऊस. पण त्याला वाटू दे की. आणतोयस म्हणून."

"म्हणजे काय करू, पप्पा?"

"काय करू नको. गोदामात माल हाय, एवढं कळलं की समोरचा बेतानं बोलतो. विकला न्हाई तरी."

भाचा माझ्याकडं बघायला लागला. खरंच काही करायचं नव्हतं. आपल्या बारा सामन्यांचे रिप्ले त्यानंही पाहिले असणार. त्याच्या वहीत क्वॅगसायरपुढं नऊ खुणा असणार. ड्रॅगोनाइट जीव की प्राण असलेला माणूस क्वॅगसायरची सोय केल्याशिवाय येणारच नाही. आणि ती सोय करायची तर दुसरं काहीतरी सोडावंच लागेल, कारण प्रत्येक पोकेमॉनला चालींच्या जागा चारच.

रविवारी साडेनऊला पडद्यावर दोन्हीकडचे सहा-सहा उघडले. मिओस्कराडा होता, गेंगार होता, ड्रॅगोनाइट होता. आपल्याकडं गवताला भिणारा एकही नव्हता. सामना पाऊण तास चालला. तिकडचा तिसरा पडला, आणि वहीत होतं तसा ड्रॅगोनाइट बाहेर आला. आल्याआल्या नाचला. तेवढ्यात आपल्या कॉर्विनाइटनं त्याला एक धक्का देऊन ठेवला. अंगाला काही लागलेलं नसलं की ड्रॅगोनाइटला मार निम्माच बसतो, ती ढाल त्या धक्क्यानं गेली. पुढच्या घावात कॉर्विनाइट पडला आणि गारचॉम्प आला. समोरचा खरोखर ४२६ वर होता की खाली, ते पडद्यावर दिसत नाही. गारचॉम्प आधी हलला आणि ड्रॅगोनाइट पडला, एवढं दिसलं.

शेवटी इकडं गारचॉम्प, तिकडं गेंगार. गारचॉम्पचा जीव ३७६ पैकी १८८, बरोबर निम्मा. त्याच्या घावातून गेंगार केसभर वाचला. मग गेंगारनं 'शॅडो बॉल' मारला. आकडा खाली खाली गेला आणि १४ वर थांबला. वहीतल्या १९ वर माझं बोट होतं. पुढच्या पाळीला गेंगार आडवा झाला.

घरात कुणी ओरडलं नाही, आई झोपली होती. भाचा कॅनडावाल्याशी चांगला खेळ झाला वगैरे लिहीत होता. त्याचं उत्तर आलं. भाच्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि उठून बाहेरच्या खोलीत गेला. मीही मागोमाग गेले.

"पप्पा, तो म्हणतोय, गेंगारची डॅझलिंग ग्लीम काढून त्यानं एनर्जी बॉल घातला होता. गवताची चाल. क्वॅगसायरसाठी."

"मग?"

"ग्लीम असती तर गारचॉम्प गेला असता. तो ड्रॅगन, त्याला ती दुप्पट लागते. मी हरलो असतो."

"पुन्हा सांग," अण्णा म्हणाला. भाच्यानं पुन्हा सांगितलं. अण्णा हसला. उजवा गाल अजून साथ देत नाही, पण डाव्यानं दोघांचं काम केलं.

मंगळवारी सकाळी अण्णानं धोतर मागितलं. दुकानात जायचं म्हणाला. वहिनी घाबरली. गल्ल्यावर बसवायला भाचा खुर्ची सारायला लागला, तर अण्णानं हातानंच नको म्हटलं. गल्ला पोराचा. त्यानं स्वतःची खुर्ची आत, मिरचीच्या पोत्यांजवळ ठेवायला लावली, पण रस्त्यावरून दिसेल अशी.

अकराच्या सुमाराला गुळाचा दलाल आला. भाच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि त्याची नजर आत गेली. अण्णा काहीच बोलला नाही. नुसता बसला होता. दलालानं नमस्कार केला, तब्येत विचारली आणि मग भाच्याला भाव सांगितला.

मी तो वहीत लिहिला. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तो बाजारभावाशी जुळत होता.