दोनदा मोजलेले एकच उत्तर

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक देशाला अर्पण करण्यात आले. सुमारे १३० कोटी रुपये खर्चून उभारलेल्या या यंत्रांपैकी एक पुण्यात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे, दुसरे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि तिसरे कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात. कोलकात्याच्या यंत्राची क्षमता ८३८ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ८३८ लाख कोटी आकडेमोडी. अशी बातमी आली की विज्ञानाचे विद्यार्थी हटकून विचारतात, ‘मग आमच्या टेबलावरच्या संगणकाचे काय? चांगले ग्राफिक्स कार्ड बसवून आणि त्याचे क्लॉक वाढवून आम्हाला कुठवर जाता येईल?’ गेल्या उन्हाळ्यात कोलकात्यातल्या माझ्या खोलीत मी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यातून वेगाबद्दल थोडे समजले, आणि विश्वासाबद्दल अधिक.

काम होते आयझिंग प्रारूपाचे. चौकोनी जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याचे तोंड वर तरी असते किंवा खाली. शेजाऱ्यांसारखे तोंड करण्याची त्याची ओढ आणि तापमानाची उलथापालथ यांच्या झगड्यातून एका ठरावीक तापमानाला साऱ्या जाळीचे वर्तन बदलते. लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये द्विमितीय जाळीसाठी याचे अचूक उत्तर काढले. योग्य एककांत ते सुमारे २.२६९ येते. माझे प्रारूप याहून किंचित गुंतागुंतीचे होते आणि त्याला असे तयार उत्तर नव्हते. शोधनिबंधाच्या परीक्षकांनी मोठ्या जाळ्यांवरची आकडेमोड मागितली होती आणि हाती सहा आठवडे होते. जुन्या कार्डावर ते काम मुदतीत संपण्यासारखे नव्हते.

चांदनी चौक मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की चित्तरंजन ॲव्हेन्यूच्या आसपासच्या गल्ल्यांत संगणकाचा एकेक अवयव सुटा मिळतो. नवी कार्डे आणि वापरलेली कार्डे शेजारी शेजारी मांडलेली असतात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे माइनिंग करणे संपले. त्यानंतर महिनोन्‌महिने अहोरात्र राबलेली अनेक कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. मी आरटीएक्स ३०६० मागितले, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने किंमत सांगण्याआधी विचारले, ‘‘दादा, एसएमपीएस कोणता आहे?’’ दादा हा शब्द बंगालीत आणि मराठीत सारख्याच आपुलकीने येतो; प्रश्नही आपुलकीचाच होता. माझे जुने जीटीएक्स १०५० टीआय कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवत असे. नव्याची भूक १७० वॉटची. त्याला एसएमपीएसमधून आठ पिनांची स्वतंत्र केबल लागते आणि एसएमपीएस किमान ५५० वॉटचा असावा, अशी शिफारस असते. कार्डाबरोबर एसएमपीएस घ्यावा लागला, आणि कॅबिनेटमध्ये आणखी एक पंखाही.

या बदलाने काय मिळाले, ते आकड्यांत पाहण्याजोगे आहे. गणनकेंद्रे ७६८ वरून ३५८४ झाली, म्हणजे साडेचार पटींहून अधिक. स्मृती ४ जीबीवरून १२ जीबी झाली. स्मृतीतून आकडे ने-आण करण्याचा वेग सेकंदाला ११२ जीबीवरून ३६० जीबी झाला, म्हणजे जेमतेम सव्वातीन पट. माझे काम तीनपटीहून थोडेसेच अधिक वेगाने होऊ लागले. कारण उघड आहे. आयझिंगसारख्या गणनेत प्रत्येक बिंदूवर हिशोब थोडा असतो, शेजाऱ्यांची स्थिती आणण्यातच वेळ जातो. स्वयंपाकी कितीही वाढवले तरी भाजी एकाच दारातून आत येत असेल, तर पंगत दाराच्या रुंदीनेच उठते. कार्ड घेण्यापूर्वी आपले काम हिशोबावर अडते की ने-आणीवर, हे विद्यार्थ्यांनी तपासलेच पाहिजे.

दुसरी मर्यादा जाहिरातींत दिसत नाही. खेळांसाठी बनवलेले हे कार्ड ३२ बिटांच्या संख्यांत सुमारे १२.७ टेराफ्लॉप्सचा वेग गाठते. पण ज्या ६४ बिटांच्या अचूकतेत महासंगणकांची क्षमता सांगितली जाते, तिथे त्याचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर, म्हणजे ०.२ टेराफ्लॉप्सवर येतो. सॉल्ट लेकच्या ‘परम रुद्र’शी बरोबरी करायला अशी चार हजारांहून अधिक कार्डे लागतील, आणि ती एकमेकांशी तितक्याच वेगाने बोलायला हवीत, हे निराळेच. माझे काम पूर्णांकांत होते, म्हणून मला या कार्डाने तारले.

आता ओव्हरक्लॉकिंग. चिपमधील प्रत्येक क्रिया क्लॉकच्या ठोक्यावर होते. ठोके वाढवले की क्रिया वाढतात. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर हौशी मंडळी ४५० वर चालवीत. फुकटात दीडपट वेग मिळे. ते दिवस सरले. आजचे कार्ड तापमान आणि वीज पाहून स्वतःच क्षणोक्षणी आपले क्लॉक वाढवत-घटवत असते. निर्मात्याने टेबलाखाली फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही.

जे शिल्लक आहे, त्याची किंमत एका छोट्या सूत्रात मावते. चिपमधील स्थित्यंतरांना लागणारी वीज वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वारंवारता १० टक्क्यांनी वाढवली आणि ती पेलण्यासाठी व्होल्टेज ५ टक्क्यांनी चढवले, तर ही वीज सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. वेगात मिळणारा लाभ जास्तीत जास्त १० टक्के. उष्णतेचा भार त्याच्या दुप्पट. उलट वारंवारता तीच ठेवून व्होल्टेज ८ टक्क्यांनी उतरवता आले, तर १५ टक्के वीज वाचते.

आणि ही उष्णता जाणार कुठे? हवेने थंड होणारे कार्ड खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. ते खोलीहून अमुक इतके अंश गरम राहते, एवढेच. हा फरक ४५ अंशांचा धरला, तर २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत कार्ड ६९ अंशांवर असेल आणि मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या कोलकात्यात ८० वर. अशा अनेक कार्डांत साधारण ८३ अंशांना क्लॉक आपोआप खाली येऊ लागते. म्हणजे दुपारी आपण एका हाताने वाढवलेला वेग कार्ड दुसऱ्या हाताने काढून घेते. बर्फाचे पाणी वापरून थंड करावे, तर इथे पावसाळ्यात हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या वर असतो. त्याहून थंड झालेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरते, आणि विजेच्या उपकरणात पाणी कोणालाच नको असते.

हे सारे ठाऊक असूनही मी क्लॉक वाढवून पाहिले. मुदतीचा धाक होता. पण आधी एक कसोटी ठरवली. खेळणाऱ्याच्या दृष्टीने कार्ड ‘स्थिर’ असते ते पडद्यावर ठिपके उमटत नाहीत आणि यंत्र बंद पडत नाही तोवर. साठातल्या एका चित्रचौकटीतील एक बिंदू चुकीच्या रंगाचा आला, तरी कोणाचे काही बिघडत नाही. गणनेला ही व्याख्या पुरत नाही. मी यादृच्छिक संख्यांची सुरुवात एकाच बीजापासून केली आणि तीच गणना पुन्हा पुन्हा चालवली. सगळे पूर्णांकांत असल्याने शेवटच्या जाळीचा चेकसम, म्हणजे साऱ्या जाळीचा एका संख्येत उतरलेला ठसा, दर वेळी तोच यायला हवा. दशांशांच्या गणनेत हा आग्रह धरता येत नाही. तिथे बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे अंक बदलतात आणि ती चूक नसते.

मूळ क्लॉकवर सर्व ठसे जुळले. थोडे वाढवले, जुळले. आणखी एक पायरी चढलो. पडदा स्वच्छ, ताणाच्या चाचण्या तासभर विनातक्रार, आणि तरीही दहा फेऱ्यांपैकी एका फेरीचा ठसा वेगळा. त्याही पुढच्या पायरीवर पडद्यावर ठिपके आले. या दोन पायऱ्यांच्या मधली जागा विज्ञानासाठी सर्वांत धोक्याची. तिथे यंत्र चालू असते, आलेख सुरेख येतात, आणि उत्तर मात्र चुकीचे असू शकते.

एक बिट उलटला तर असे काय बिघडते? कधी काहीच नाही. जाळीतला एक चुंबक उगाच उलटला, तर प्रारूप ते तापमानाच्या खळबळीत जिरवून टाकते. पण तोच बिट यादृच्छिक संख्यांच्या जनकात किंवा सरासरीच्या बेरजेत उलटला, तर? ३२ बिटांच्या दशांश संख्येत तो घातांकात पडला, तर आकडा इतका विचित्र होतो की लगेच डोळ्यांत भरतो. अपूर्णांकाच्या शेपटीत पडला, तर कधीच दिसत नाही. एका चुकीने निबंध बुडत नाही. पण चुका किती झाल्या हेच ठाऊक नसेल, तर शेजारी लिहिलेल्या त्रुटिमर्यादेला अर्थ उरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर याच शहरात फार पूर्वी शोधले गेले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचे नमुना-सर्वेक्षण हाती घेतले. शेतात जाऊन मोजणारा माणूस चुकतो, हे त्यांनी गृहीतच धरले. म्हणून एकाच प्रदेशासाठी परस्परांत गुंफलेले दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, ते वेगवेगळ्या चमूंनी मोजायचे आणि निष्कर्ष ताडून पाहायचे, अशी रीत त्यांनी बसवली. दोन उत्तरांतला फरक हेच मोजमापाच्या विश्वासार्हतेचे माप. याच संस्थेत १९५५ मध्ये इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आला, जो भारतातील पहिला अंकीय संगणक मानला जातो; आणि १९६६ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या साथीने ट्रान्झिस्टरांचा आयएसआयजेयू-१ इथेच घडला. पण मला त्या यंत्रांहून तागाच्या शेतातली ती दुहेरी मोजणी अधिक आधुनिक वाटते.

तिच्या उजेडात माझी कसोटीही अपुरी दिसते. एकाच तापलेल्या कार्डावरच्या दोन फेऱ्या हे दोन स्वतंत्र चमू नव्हेत. शिवाय शंभर फेऱ्यांत एकही चूक दिसली नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण सुमारे तीन टक्क्यांहून कमी आहे. शून्य चुका दिसणे आणि शून्य चुका असणे यांत अंतर असते.

मग हिशोब सोपा झाला. मूळ क्लॉकवर काम बारा दिवसांचे होते. ज्या पायरीपर्यंत ठसे जुळत होते, तिथे सहा टक्के वेग मिळत होता. म्हणजे बारा दिवसांत सुमारे सोळा तासांची बचत. त्या सोळा तासांसाठी उरलेल्या सव्वाअकरा दिवसांवर शंका ओढवून घ्यायची होती. मी क्लॉक मूळ जागी आणले आणि व्होल्टेज किंचित उतरवले. तेही आंधळेपणाने नाही, कारण व्होल्टेज कमी पडले तरी त्याच चुका होतात. तीच ठशांची कसोटी भर दुपारी, खोली सर्वांत तापलेली असताना लावली. कार्ड काही अंशांनी थंड राहू लागले, पंख्याचा आवाज उतरला आणि दुपारची घसरण थांबली. वेग दिवसभर सारखा राहिला.

जुने कार्ड चांदनीत विकून थोडे पैसे सुटले असते. ते मी ठेवून घेतले. पूर्णांकांची गणना दोन्ही कार्डांवर बिटाबिटाने सारखीच यायला हवी. म्हणून दर दहा फेऱ्यांतली एक, चिठ्ठी टाकून निवडलेली, त्या संथ कार्डावर पुन्हा चालवली. तीनपटीने मंद असले तरी एक दशांश काम त्याला सहज झेपले. परीक्षकांना पाठवलेल्या उत्तरात वेगाचा उल्लेख नव्हता. दोन भिन्न कार्डांवर निवडक फेऱ्यांचे निकाल तंतोतंत जुळले, हे एक वाक्य होते.