साभार परत

आमच्या शिरूर अनंतपाळला ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. गावची माणसं पारावर बसून ऐकायची. आम्ही महारवाड्यातली पोरं लांब, भिंतीला टेकून उभी. पण आवाजाला कुठला आलाय विटाळ? श्रुतिका लागली की ती जेवढी पाराची, तेवढीच आमची. माय म्हणायची, "काय ऐकूलालास रे एवढं?" सांगता यायचं नाही.

पुढं मीही एक श्रुतिका लिहिली. मायच्या बोलीत. एका केंद्राकडं पाठवली. 'भाषा अशुद्ध' असा शेरा घेऊन साभार परत आली. ट्रंकेत टाकली. वीस वर्षं नाटकाचं नाव काढलं नाही.

मग ब्रायन फ्रीलबद्दल वाचलं. उत्तर आयर्लंडातल्या डेरी शहरातला शाळामास्तर, जातीनं नव्हे पण धर्मानं दाबलेला, कॅथलिक. त्या शहरात कॅथलिकच जास्त, पण वॉर्ड असे पाडलेले की नगरपालिका दुसऱ्यांच्या हातात. हे आपल्याला समजावून सांगायला नको. १९५८ साली बेलफास्टच्या बीबीसीतल्या रोनाल्ड मेसन या निर्मात्यानं त्याच्या दोन श्रुतिका रेडिओवर केल्या. मास्तर तेव्हा तिशीच्या आतला. १९६० साली त्यानं मास्तरकी सोडली. १९६४ साली डब्लिनमध्ये त्याचं 'फिलाडेल्फिया, हिअर आय कम!' आलं. गाव सोडून अमेरिकेला निघालेला एक पोरगा, पण त्याला नट दोन. एक लोकांना दिसणारा, दुसरा त्याच्या मनातलं बोलणारा. मला वाटतं, हे त्याला रेडिओनं शिकवलं. रेडिओत अंग दिसत नाही, मन ऐकू येतं.

काळजात लक्कन हललं. ही दोन माणसं माझ्यातही आहेत. लातूरला खोली बघायला गेलो. मालकानं आडनाव विचारलं. बाहेरच्यानं दुसरंच सांगितलं. आतला शिव्या घालत होता. मालकाला नाही, मला.

दोस्तहो, खुर्चीत बसलेला एक कान काय करू शकतो, ते बघा. आता तुमच्यातलेही काहीजण त्या खुर्चीत बसलेत. वस्तीतल्या पोराचं बाड पुढ्यात आलं, तर ऱ्हस्वदीर्घ मागून बघा. आधी मोठ्यानं वाचा.

मी ट्रंक उघडलीय. कागदाच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात. माय राहिली नाही, तिचं बोलणं राहिलंय. पहिल्या पानावर खरं आडनाव लिहिलं. उद्या टपालात टाकतो.