परळीच्या यार्डाचे घरगुती पॅनेल

प्रतिकृती-रेल्वेच्या छंदात, म्हणजे खऱ्या रेल्वेची विजेवर चालणारी प्रमाणबद्ध लहान आवृत्ती घरात उभी करण्याच्या उद्योगात, इंजिने, डबे आणि बोगदे यांच्याकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे नियंत्रण-पॅनेलकडे क्वचितच दिले जाते. वास्तविक कोणत्या रुळात वीज आहे, कोणता सांधा कोणीकडे वळला आहे आणि कोणता मार्ग मोकळा आहे, हे चालवणाऱ्याला एका नजरेत सांगणारी तेवढी एकच जागा असते. महाराष्ट्रात या छंदाची ओळख अनेकांना झाली ती पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या आणि 1998 साली लोकांसाठी खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे. तेथे धावत्या गाड्या व उजळणारे सिग्नल पाहून प्रेक्षक हरखून जातात, पण त्यांच्यामागे असलेले तारांचे जाळे त्यांच्या नजरेस पडत नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे प्रस्तुत लेखकाने परळी वैजनाथ स्थानकावर बेतलेला एक लेआउट, म्हणजे रूळ, सांधे व परिसर यांची कायमची मांडणी, राहत्या घरी बांधला. त्याच्या पॅनेलच्या कामातून जे समजले ते येथे नोंदवले आहे.

परळीची निवड केवळ ते जवळचे जंक्शन आहे म्हणून झालेली नाही. परभणीकडून येऊन विकाराबादच्या दिशेने पुढे जाणाऱ्या गाड्यांची दिशा परळीत उलटते, त्यामुळे इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते. शिवाय औष्णिक वीज केंद्राच्या कोळशाच्या मालगाड्यांमुळे यार्डातील हालचाली वाढतात. पॅनेल बांधू पाहणाऱ्याला याहून चांगला अभ्यासविषय मिळणे कठीण. मापाच्या बाबतीत मात्र तडजोड अटळ ठरते. ‘एचओ’ या प्रचलित मापात प्रत्येक वस्तू मूळच्या 87व्या हिश्शाची असते आणि रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असते, पण ते 1435 मिलिमीटर गेजला अनुसरून ठरलेले आहे. भारतातील 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज याच प्रमाणात आणला तर तो 19 मिलिमीटरच्या थोडा वर जातो. तयार रूळ वापरायचे तर हा फरक स्वीकारावा लागतो. लांबीचेही तसेच आहे. 24 डब्यांच्या गाडीसाठी सुमारे 600 मीटरची मार्गिका लागते आणि ती या मापात जवळजवळ 7 मीटर होते, म्हणून डबे कमी करून फलाट आखूड केले. सांध्यांचा परस्परक्रम मात्र बदलला नाही, कारण यार्डाचे चलनवलन ठरते ते त्या क्रमावर.

इंजिन बदलण्याच्या हालचालीतूनच विद्युत रचनेचा पहिला नियम निघतो. साध्या पद्धतीत दोन रुळांमधून 12 व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जातो, आणि इंजिन कोणत्या बाजूला जाईल हे त्याचे तोंड कोणीकडे आहे यावर नव्हे, तर दोहोंपैकी कोणता रूळ धन आहे यावर ठरते. एकाच मार्गिकेत आलेले इंजिन उभे ठेवून दुसरे हलवायचे असेल, तर त्या मार्गिकेचे विजेच्या दृष्टीने स्वतंत्र विभाग पाडावे लागतात. रुळांच्या जोडावर धातूऐवजी प्लास्टिकची जोडपट्टी घातली की हा तुटकपणा साधतो. प्रत्येक विभागासाठी पॅनेलवर मध्यभागी बंद होणारा, दोन्ही बाजूंना चालू होणारा टॉगल स्विच असतो, ज्याच्या एका बाजूला पहिला नियंत्रक, दुसऱ्या बाजूला दुसरा नियंत्रक आणि मध्ये शांतता असते. परळीच्या नकाशात फलाटाच्या दोन्ही टोकांना इंजिनाच्या लांबीपेक्षा थोडा मोठा असा एकेक विभाग लागला, आणि स्विचांची जागा त्यावरूनच ठरत गेली.

पॅनेलचा दर्शनी भाग म्हणजे यार्डाचा नकाशाच होय. दुधी रंगाच्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर रुळांच्या रेषा उमटवण्याचे काम वाहनांच्या नंबरप्लेटवर रेडियम चिकटवणारे कारागीर अतिशय सफाईने करतात. त्यांच्या यंत्रातून निघालेली काळी पट्टी वळणावर दुमडत नाही आणि हाताने रंगवलेल्या रेषेसारखी जाडबारीकही होत नाही. भोके मात्र पट्टी चिकटवण्यापूर्वीच पाडावी लागतात, तीही पत्र्याखाली लाकडाचा तुकडा घेऊन, प्रथम बारीक आणि मग मोठे, नाहीतर अ‍ॅक्रिलिकला भोकाच्या कडेपासून तडा जातो. स्विच आणि दिवे पुण्याच्या पासोड्या विठोबाच्या परिसरातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकदाच आणावेत हे उत्तम, कारण एकाच नकाशावर दोन प्रकारच्या मुठी असल्या की अंधाऱ्या खोलीत हात चुकतो.

सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी रचना. त्यातील निमुळत्या टोकाच्या सरकत्या रुळांना जिभा म्हणतात. प्रतिकृतीत या जिभा बहुधा दोन वेटोळ्यांच्या विद्युतचुंबकाने हलवल्या जातात. वेटोळ्याला क्षणभर मोठा प्रवाह हवा असतो, पण तोच थोडा वेळ चालू राहिला तर वेटोळे जळते, म्हणून मध्ये धारित्राचा संच बसवतात: बटण दाबले की साठलेला भार एका झटक्यात वेटोळ्यात जातो आणि बटण सोडेपर्यंत पुन्हा भरत नाही. बटण अडकून बसले तरी वेटोळे सुरक्षित राहते. इतक्या स्वस्तात एवढे संरक्षण देणारी दुसरी जोडणी या छंदात नाही.

यानंतर येणारा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मते पॅनेल-रचनेचा गाभा आहे. बटण दाबल्यावर जो दिवा लागतो तो काय सांगतो? बहुतेक घरगुती पॅनेलांवर तो दिलेली आज्ञा सांगतो. सांधा प्रत्यक्षात वळला की नाही, हे त्याला ठाऊकच नसते. खडीचा एक कण जिभेत अडकला, तरी दिवा निमूटपणे लागतो आणि गाडी घसरते. खऱ्या रेल्वेने हा भेद फार पूर्वीच ओळखला असून, जिभा योग्य बाजूला पूर्ण टेकल्या व कुलूपबंद झाल्या याची वेगळी विद्युत खातरजमा, जिला डिटेक्शन म्हणतात, झाल्याखेरीज सिग्नल उतरतच नाही. जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये 5 मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवून सांधा कुलूपबंद होत नाही ना, ही चाचणीही भारतीय रेल्वेत नेमाने घेतली जाते. प्रतिकृतीत 5 मिलिमीटरचा हिशेब कागदाच्या जाडीएवढाही उरत नाही, तरी तत्त्व आणता येते. दोन जिभांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांशी एकेक मायक्रोस्विच असा बसवला की पट्टीने आपली सरक अगदी शेवटपर्यंत पूर्ण केल्यावरच तो मिटावा, आणि पॅनेलवरील दिव्याची तार बटणाकडून न आणता या मायक्रोस्विचकडून आणली. दिव्याला 1 किलोओहमचा रोध जोडला की 12 व्होल्टवर सुमारे 10 मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह जातो आणि तेवढा उजेड पुरतो. दोन्ही दिवे विझलेले असणे म्हणजे सांधा अधांतरी असणे, आणि ही तिसरी अवस्था दिसू लागली हाच या जोडणीचा खरा लाभ.

मराठवाड्यात भारनियमनाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. वीज जाऊन परत आली की आज्ञा लक्षात ठेवणारे पॅनेल आपल्या मूळ स्थितीला जाते, सांधे मात्र जेथे होते तेथेच राहतात, आणि नकाशा व रूळ यांच्यात फारकत होते. मायक्रोस्विचवर चालणारे दिवे वीज येताच खरी स्थिती दाखवतात. पुढची पायरी म्हणून त्याच मायक्रोस्विचच्या दुसऱ्या संपर्कातून सांध्याच्या अलीकडील विभागाचा वीजपुरवठा नेला. त्यामुळे सांधा विरुद्ध बाजूला असेल तर त्या तुकड्यात वीजच नसते आणि इंजिन सांध्यापाशी पोहोचण्याआधी थांबते. इंटरलॉकिंगची, म्हणजे परस्परविरोधी हालचाली यंत्रणेनेच अशक्य करण्याची, ही अगदी प्राथमिक रूपे होत, पण हातून निसटणारी चूक ती खरोखर अडवतात.

रिलेवर चालणाऱ्या स्थानकांच्या पॅनेलवर स्टेशनमास्तर सिग्नलचे बटण आणि मार्गाचे बटण एकाच वेळी दाबतो, म्हणजे हालचालीची सुरुवात व शेवट दोन्ही सांगतो. याची घरगुती आवृत्ती डायोडच्या जाळीने होते: एका मार्गाच्या बटणापासून त्या मार्गातील प्रत्येक सांध्याच्या वेटोळ्यापर्यंत एकेक डायोड जोडला की एकाच दाबाने सारे सांधे वळतात, आणि डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देत असल्याने तो उलट शिरून दुसऱ्या मार्गाचे सांधे हलवत नाही.

पॅनेलच्या मागची बाजू कोणी पाहत नाही, पण दुरुस्तीची वेळ येते तेव्हा तिथेच दिवस जातो. रुळांच्या जोडपट्ट्या कालांतराने ऑक्सिडेशनने दगा देतात, म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार हवी. ती डाखताना रुळाच्या बाहेरच्या अंगाला आणि तारेला आधी वेगवेगळे कथील चढवावे, दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवावा आणि तापलेले टोक दोन-तीन सेकंदांत उचलावे, म्हणजे प्लास्टिकचे स्लीपर वितळत नाहीत. थंड झालेला डाख चकचकीत दिसला तर तो पक्का, राखाडी व दाणेदार दिसला तर पुन्हा द्यावा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक आणि तोच क्रमांक वहीत, ही शिस्त रंगांपेक्षा अधिक टिकते, कारण रंग संपतात, आकडे संपत नाहीत. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र पत्ता देऊन रुळांतूनच अंकीय आज्ञा पाठवणारी डीसीसी पद्धत आल्यापासून विभागांचे स्विच अनावश्यक ठरले आहेत, हे खरे. सांधा खरोखर वळला का हा प्रश्न मात्र त्या पद्धतीतही तसाच उभा राहतो.

17 सप्टेंबर 2025 रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली, आणि 261 किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाचा उरलेला टप्पा परळीला मिळाला की यार्डात आणखी एक दिशा येईल. त्यासाठी पॅनेलमागच्या जोडपट्टीवर काही अग्रे आताच मोकळी सोडली असून, धारित्राचा संचही वाढीव सांध्यांचा विचार करून निवडला आहे; नकाशाचा अ‍ॅक्रिलिक पत्रा मात्र प्रत्यक्ष जोडणी कोणत्या बाजूने होते ते पाहिल्यावरच नव्याने कापून घेतला जाईल.